भिंतीला टेकू कशाला?

प्रश्न : फोटोत गॉथिक (मध्ययुगीन युरोपातल्या बांधकामशैलीच्या) चर्चला बाहेरून दगडी कमानी टेकवलेल्या दिसतात. त्या नुसत्या शोभेच्या का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : छे हो, त्या काढल्या तर चर्च बसेलच! दगडी कमानदार छत भिंतींना बाहेर रेटत असतं. तो रेटा या कमानी बाहेरच्या जाड खांबांकडे नेतात. भिंत मोकळी झाली, म्हणून तर खिडक्या एवढ्या मोठ्या. फ्रान्समधल्या चार्त्रच्या चर्चमधल्या निळ्या काचा मी मान अवघडेपर्यंत पाहत बसलो होतो.

हाव मात्र नडते. फ्रान्समधल्याच बोव्हे गावी चर्चचं छत ४८ मीटरवर नेलं, ते १२८४ मध्ये कोसळलं. तरी हौस फिटली नाही. पुढे १५३ मीटरचा मनोरा चढवला, तोही १५७३ मध्ये पडला. ते चर्च आजही अर्धवटच उभं आहे.