चीनमधली ‘सनद ०८’ म्हणजे नेमकं काय?

एकाच पक्षाची सत्ता संपवा, निवडणुका घ्या, न्यायालयं स्वतंत्र ठेवा, लिहिलं म्हणून कुणाला तुरुंगात टाकू नका. १० डिसेंबर २००८ला निघालेल्या या जाहीरनाम्याचं सार एवढंच. सुरुवातीला ३०३ जणांच्या सह्या. तो लिहिणाऱ्यांपैकी एक, लेखक लिऊ श्याओबो यांना तर दोन दिवस आधीच उचललं, पुढे ११ वर्षांची शिक्षा. त्यांना मिळालेलं २०१०चं शांततेचं नोबेल ओस्लोत रिकाम्या खुर्चीवर ठेवावं लागलं. २०१७ला ते दवाखान्यात, पहाऱ्यातच वारले.

आपल्या मराठवाड्याला हे परकं नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत मारलं, महिन्याच्या आत निजामी राजवट गेली. परभणीला १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला निघताना आजोबा त्यांचं नाव घ्यायचेच.