शाईपेनाकडे परत वळताय?

पहिलंच शाईपेन घेताय ना? मग सोन्याच्या निबच्या नादी लागू नका, स्टीलची छान चालते. ड्रॉपरने शाई भरून बोटं निळी करायचे दिवस गेले. आता कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी, पेनात बसणारी छोटी नळी) लावायचा, निब दौतीत पूर्ण बुडवायची आणि मागची कळ फिरवायची. शाई आपसूक वर चढते. फक्त चित्रकलेची इंडिया इंक चुकूनही भरू नका. तिच्यातली लाख वाळली की पेन तुंबलंच म्हणून समजा. माझं एक चांगलं पेन असंच वाया गेलं. रंग बदलताना साध्या पाण्याने धुवा, गरम नको. आणि बॉलपेनासारखं दाबू नका हो! शाई केशाकर्षणाने, म्हणजे निबच्या बारीक फटीतून आपोआप उतरते, हात नुसता फिरवायचा. सुरुवातीला अक्षर बिघडेल, बिघडू द्या.