जुनाट वेदना मेंदूच्या चित्रात ओळखता येते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : तीन वर्षे कंबर दुखते आहे. मणक्याच्या एमआरआयचा अहवाल ‘वयानुसार ठीक’ आला आणि तेव्हापासून घरी माझे दुखणे कोणी मनावर घेत नाही. मेंदूचा एफएमआरआय (मेंदू काम करत असताना घेतलेले चित्र) करून ते सिद्ध करता येईल का? (सातारा, वय ४६)

उत्तर : नाही, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर असावी, हेच मला मान्य नाही. मणक्याचे चित्र आणि कंबरेचे दुखणे यांचा मेळ मुळातच सैल असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांपैकी विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांची झीज दिसली. झीज असून दुखत नाही, तसेच चित्रात काही न सापडताही दुखू शकते, कारण तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत पुष्कळदा मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. एफएमआरआयवर त्याच्या खुणा आढळतात, परंतु रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटाच्या सरासरीशी ताडून पाहिल्यावर. एकट्या माणसाच्या चित्रावरून निदान करण्याइतक्या त्या ठळक नसतात. घरच्यांना एवढे जरूर सांगा की, वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येसोबतच्या टिपणांत, माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखावा, असे स्पष्ट नोंदवले आहे.

प्रश्न : संगणक मेंदूच्या चित्रावरून ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेदना ओळखतो, असे वाचनात आले. मग तो रुग्णालयांत का वापरत नाहीत? (पुणे)

उत्तर : आपण वाचलेला अभ्यास बहुधा मेंदूशास्त्रज्ञ टॉर वेजर आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा असावा. तो भक्कम आहे, मात्र त्यात काय मोजले हे नीट पाहायला हवे. निरोगी व्यक्ती यंत्रात निश्चल पडून असते. हातावर बसवलेली छोटी पट्टी काही सेकंद चटका बसेल इतकी तापते, मग निवते, पुन्हा नुसती कोमट होते, आणि प्रत्येक वेळी किती दुखले याचा आकडा ती व्यक्ती नोंदवते. यंत्र पेशींचे काम थेट पाहत नाही. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात होणारा, एखाद-दुसऱ्या टक्क्याचा बदल ते टिपते. चटका आणि कोमटपणा यांतील फरक त्यातून उत्तम कळतो, कारण दोन्ही अवस्था आलटून पालटून समोर येतात. जुनाट कंबरदुखी अशी चालू-बंद करता येत नाही, आणि ताडून पाहायला ‘न दुखणारी’ अवस्था नसली की या पद्धतीचा आधारच निसटतो. त्याहून मोठी अडचण २०१६ च्या एका लहान अभ्यासाने दाखवली : जन्मतः वेदनेची जाणीवच नसलेल्या दोन व्यक्तींना बोचणारा दाब दिला, तेव्हा वेदनेची म्हणून ओळखली जाणारी मेंदूतील केंद्रे त्यांच्यातही निरोगी माणसांसारखीच उजळली. लक्ष वेधून घेणारी कोणतीही तीव्र संवेदना या केंद्रांना जागे करते, ती वेदना असलीच पाहिजे असे नाही.

प्रश्न : जुनाट वेदनेने मेंदू आकसतो, हे खरे का? (नाशिक)

उत्तर : काही भागांतील करड्या द्रव्याचे, म्हणजे मेंदूपेशी दाटीने असलेल्या थराचे, प्रमाण घटल्याचे २००४ पासूनच्या अभ्यासांत दिसते. मात्र खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेने वेदना थांबलेल्या रुग्णांत ही घट बऱ्याच अंशी भरून आली, म्हणून घाबरू नये.

प्रश्न : अपघातानंतर माझा हात सतत दुखतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात मेंदूचे चित्र पुरावा म्हणून चालेल का? आणि समोरच्या पक्षाने माझ्यावर अशी तपासणी लादली तर? (कोल्हापूर)

उत्तर : अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, तापलेल्या डांबराने मनगट भाजलेल्या एका ट्रकचालकाच्या दाव्यात असे चित्र मांडले गेले आणि प्रकरण तडजोडीने मिटले. तरीही २०१७ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या, वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने, अशी तपासणी एखाद्याची वेदना खरी की खोटी हे ठरवण्यासाठी वापरू नये, असा निर्वाळा दिला. मला तो पूर्णपणे पटतो, कारण आज ज्या चित्राने दावा जिंकता येईल, तशाच चित्रात काही दिसले नाही म्हणून उद्या दुसऱ्या खऱ्या रुग्णाला खोटे ठरवले जाईल. सक्तीविषयी सांगायचे तर, संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूतील विद्युत्‌लहरींची चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात म्हटले. तो निकाल फौजदारी तपासाचा असल्याने आपल्या दाव्याबाबत वकिलांचा सल्ला घ्यावा. दाव्यासाठी उपचारांची सलग कागदपत्रे आणि हाताने कोणती कामे होत नाहीत याची तारखेनिशी ठेवलेली वही अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : पक्षाघातानंतर आईची वाचा गेली. उजव्या दंडावर पदर टेकला तरी ती दचकून तो झटकते. तिला काय होते ते चित्रात कळेल का? (बेळगाव)

उत्तर : वेदना किती, हे चित्र सांगणार नाही, पण साध्या एमआरआयवरून इजा कुठे झाली ते कळते, आणि संवेदना वाहून नेणाऱ्या मार्गांवर, विशेषतः थॅलॅमस या भागात, ती असेल तर पक्षाघातानंतरच्या मध्यवर्ती वेदनेची शंका बळावते. कापडाचा स्पर्शही असह्य होणे हे तिचे ठळक लक्षण आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, अशा तीन आणि हात किंवा पाय कापावा लागलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत विद्युदग्रे (इलेक्ट्रोड) बसवून, त्यांनी घरी दिवसातून अनेकदा नोंदवलेल्या वेदनेशी मेंदूतील लहरींचा मेळ घातला गेला. त्यातून पुढे उपचार निघतील अशी मला मोठी आशा आहे, पण तिथेही आधार रुग्णाने स्वतः दिलेल्या आकड्याचाच होता. आईंच्या बाबतीत ते काम तुमच्या निरीक्षणाने करावे लागेल : अंघोळीच्या वेळी, कूस बदलताना आणि रात्री चेहरा, कण्हणे, अंग आक्रसणे यांची आठवडाभर नोंद ठेवून ती मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांचा निर्णय आणि त्यांची मात्रा वय व हृदयाची स्थिती पाहून तेच ठरवतील. तोवर त्या दंडावर सैल, मऊ सुती बाही राहू द्या, आणि सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा डाव्या हाताला लावण्यास सांगा.