चिनी भाषेतील 'त्सान-छ्युए' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

'त्सान-छ्युए' म्हणजे 'अपूर्ण' की 'मोडलेले', असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते याला सर्वांत जवळचा मराठी शब्द 'त्रुटित' हा आहे, कारण एके काळी पूर्ण असलेल्या वस्तूचा काही भाग पुढे नष्ट झाला, हाच भाव दोन्हींत आहे.

'त्सान'च्या चिन्हात डावीकडे हाडांच्या अवशेषांची खूण असते, तर 'छ्युए'च्या डावीकडे मातीच्या भांड्याची. प्राचीन चिनी कोशात 'छ्युए'चा अर्थच 'भांडे फुटणे' असा दिला आहे. काठाचा टवका उडालेला माठ डोळ्यांसमोर आणला, की हा शब्द सहसा विसरत नाही. कृष्णपक्षात झिजत जाणाऱ्या चंद्रालाही चिनी लोक हेच 'छ्युए' लावतात, हे मला फार सुंदर वाटते.

म्हणून मधली पाने गहाळ झालेली पोथी किंवा हात तुटलेली मूर्ती यांच्यासाठी हा शब्द योग्य ठरतो आणि 'त्सान-छ्युए पू-छ्युआन' हा चार अक्षरांचा रूढ प्रयोगही तेथेच येतो. अर्धवट राहिलेल्या कामाला मात्र 'वेइ वान-छंग' म्हणावे, आणि बंद पडलेल्या फोनला नुसते 'ह्वाय ल' पुरते.