युद्धानंतरच्या काळात पुण्यात शिकणाऱ्या गरीब मुलांना करमणूक होती का?

तुम्ही विचारलंय की महायुद्ध संपल्यावर, साधारण 1945 ते 55 मध्ये, बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलांना काही करमणूक होती का, की नुसता अभ्यास आणि हाल. होती हो. भरपूर होती, फक्त चोरून करावी लागायची, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहायला बसलो.

मी 1947 च्या जूनमध्ये कोकणातून पुण्याला आलो, तेरा वर्षांचा होतो. सदाशिव पेठेत एका वाड्यात जिन्याखालची खोली तिघांत, आणि जेवायला वार लावलेले, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी फुकट जेवण. सहा घरं मिळाली, गुरुवार कधी लागलाच नाही, त्या दिवशी दाणे-गूळ. वार लावून शिकलो हे लोक अभिमानाने सांगतात, मलाही अभिमान आहे, पण रोज नव्या घरात मान खाली घालून पाटावर बसायचं असतं हेही सांगा की. त्यात रेशनिंग. 1947 संपता संपता धान्यावरचं सरकारी कंट्रोल उठलं आणि 48 मध्ये परत आलं, आणि माझं नाव काही त्या घरांच्या कार्डावर नव्हतं, म्हणजे मी खायचो ते तिथल्याच कोणाच्या तरी वाट्याचं. हे मला तेव्हाही कळत होतं. तिसरी भाकरी मी कधी मागितली नाही.

तर डिसेंबर 1948. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, रणजी सामना. शाळेत बातमी आली की महाराष्ट्राचे फलंदाज भाऊसाहेब निंबाळकर आउटच होत नाहीयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला न जाता, शाळेला दांडी मारून मी आणि खोलीतला मित्र लक्ष्मी रोडने चालत निघालो, क्वार्टर गेट, मग कॅम्प, पोटात काही नाही आणि भूक लागल्याचं आठवतसुद्धा नाही. कडेला उभे होतो. एक चौका सरळ आमच्याकडे आला, चेंडू मी उचलला, एका बाजूचा रंग पार उडालेला, शिवण बोटांना खरखरीत लागली. परत फेकला. त्या डावात त्यांचे 49 चौके आहेत, त्यातला एक माझ्या हातून परत गेलाय.

443 नाबाद. महाराष्ट्र 4 बाद 826. एका डावातल्या धावांचा ब्रॅडमनचा विक्रम 452 चा, फक्त नऊ कमी, आणि खेळाच्या मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. लोक खेळ सुरू व्हायची वाट बघत बसलेले आणि खेळ नाहीच. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये आजपर्यंत एकाही भारतीयाने 443 ओलांडलेले नाहीत, आणि त्या माणसाला एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

संध्याकाळी वाराच्या घरी गेलो. काका दारातच उभे, सकाळी कुठे होतास? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, रेशनचं धान्य आम्ही तुला शिकण्यासाठी घालतो, क्रिकेटसाठी नाही, उद्यापासून, म्हणजे पुढच्या वारापासून येऊ नकोस. मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात काकू उभ्या होत्या, त्यांच्या पायाशी माझं सकाळचं ताट, वर दुसरं ताट झाकलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी तसाच परत आलो. त्यानंतर आठवड्यात दोन दिवस रिकामे झाले, म्हणून पहाटे पेपर टाकायला लागलो.

माझं स्पष्ट मत आहे, काका चुकले. अन्न दिलं म्हणजे पोराचा अख्खा दिवस विकत घेतला असं होत नाही. आणि हेच मी माझ्या धाकट्या भावाला सांगतोय. तो गावाकडच्या एका मुलाची फी भरतो, चांगलं काम करतो, पण त्या मुलाने मित्रांबरोबर स्टेडियममध्ये मॅच बघितल्याचा फोटो टाकला तर ह्याने पैसे थांबवले. म्हणे, मॅचला पैसे आहेत तर फीला का नाहीत. अरे, तिकीट किती आणि फी किती! द्यायचं तर देऊन मोकळं व्हावं, अठरा वर्षांच्या पोराने हसायचं कधी हे आपण ठरवू नये.

बाकी तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर गणपतीत गाण्या-नाटुकल्यांचे मेळे, पिटातला, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागेतला सिनेमा, तासाच्या भाड्याची सायकल, इराण्याकडे एक चहा दोघांत. पुण्याचं आकाशवाणी केंद्र 1953 चं, पण त्याआधीच रेडिओ सिलोनची गोडी लागली होती, बुधवारी रात्री हिंदी गाण्यांची बिनाका गीतमाला असली की वाड्यात ज्यांच्याकडे रेडिओ त्यांच्या खिडकीखाली आम्ही सगळे.

एक मात्र सांगायला हवं, वार लागायचे ते बहुतेक ब्राह्मण मुलांनाच, ते दार बाकीच्यांना उघडं नव्हतं. त्यांच्यासाठी साताऱ्याला भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग, तिथे मुलं स्वतः राबून शिकायची, आणि आमच्यापेक्षा ताठ मानेने जेवायची असं मला वाटतं. मुलींचं तर अजूनच वेगळं, ते एखाद्या बाईंनीच लिहावं.

हे उत्तर भावाला पाठवतोय. त्या मुलाची फी या महिनाअखेरीला भरायची आहे.