पाठाचं नियोजन कसं केलं तर मुलं रमतील आणि त्यांना समजेलही?

टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, रोज नीट लिहिता, साहित्यही बनवता, तरी दहाव्या मिनिटाला मुलं खिडकीबाहेर बघतात, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. सुरुवातीची काही वर्षं माझ्या वर्गातही हेच व्हायचं. माझ्या टाचणात फक्त मी काय करणार ते असायचं: प्रस्तावना, फळ्यावर दोन उदाहरणं, स्वाध्याय. मुलं कुठे अडतील, याचा त्यात एक शब्दही नसायचा.

आता मी टाचण शेवटाकडून लिहिते. तास संपताना प्रत्येक मुलाला एकट्याने सोडवता यायला हवा असा एकच प्रश्न आधी ठरवते. मग त्याची मुलं कोणकोणती चुकीची उत्तरं देतील ते लिहून काढते. खरा वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे घराघरांत एकच विचारणा असते, सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटावर? 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, हे लहान पोरांनाही पाठ असतं. मी फळ्यावर लिहिलं, ‘39 फूट 9 इंच’, आणि हे दशांशात लिहायला सांगितलं. जवळजवळ सगळ्या वर्गाने 39.9 लिहिलं. ही चूक माझ्या टाचणात होतीच. मग विचारलं, पाणी आणखी तीन इंच चढलं तर? बेरीज करून मुलं म्हणाली, 40.2. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, “बाई, तीन इंच चढलं की बरोबर चाळीसच हुतंय की!”

पुढची दहा मिनिटं वर्ग भांडत होता आणि मी गप्प होते. हे गप्प राहणंसुद्धा मी टाचणात लिहिलेलं असतं, नाहीतर तोंडातून उत्तर निघून जातं. शेवटी कागदाच्या पट्टीला घड्या घालून 12 समान भाग केले. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून 39.75, हे मुलांनीच काढलं.

एक मात्र पाळते. प्रत्यक्ष पुराच्या दिवसांत हे उदाहरण घेत नाही. 2019 साली इथे पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्याच्या घरात पाणी शिरलंय, त्या मुलाला त्या आकड्याचं गणित घालू नये.

तुमची शाळा साताऱ्याकडे असेल तर शेकडेवारीला कोयना धरण घ्या. त्याची पूर्ण क्षमता 105.25 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). साठा 80 टीएमसी असेल तर मुलं पटकन 80 टक्के म्हणतात, खरं उत्तर येतं साधारण 76. वर्गाला चर्चेत ओढायला एवढा फरक पुरतो. गाणी, खेळ, रंगीत तक्ते यांना माझा विरोध नाही, पण त्यांत रात्र घालवण्याआधी अशी एक चूक शोधा.

तासाची शेवटची पाच मिनिटं मी कुणालाही देत नाही. ठरवलेला प्रश्न मुलं कागदाच्या कपट्यावर सोडवतात. मधल्या सुट्टीत त्या कपट्यांचे तीन गठ्ठे करते: जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या गठ्ठ्यातल्या एका उत्तराने सुरू होतो, नाव न घेता.