माल्थसचा हिशेब आणि आपलं शिवार

माल्थसची दुप्पट नेमकी कशी मोजायची? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

लोकसंख्येवरच्या १७९८च्या निबंधात इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने २५ वर्षांची एक पायरी धरली. अडवणारं काही नसेल तर लोकसंख्या दर पायरीला दुप्पट होते: १, २, ४, ८. धान्य मात्र दर पायरीला सुरुवातीच्या उत्पादनाएवढंच वाढतं: १, २, ३, ४. २०० वर्षांत पायऱ्या आठ, म्हणजे लोक २५६ आणि धान्य ९.

गुण जातात ते पुढे. लोकसंख्या खरोखर अशी वाढते, असं त्याचं म्हणणं नव्हतं. वाढीला भूक, रोगराई, युद्ध हे नैसर्गिक अवरोध अडवतात आणि उशिरा लग्नासारखे प्रतिबंधात्मक अवरोधही. त्यातला नैतिक संयम, म्हणजे लग्न लांबवून तोवर ब्रह्मचर्य पाळणं, त्याने १८०३च्या आवृत्तीत घातला. आणखी एक मेख आहे. दुप्पटीचा आकडा मुबलक जमीन असलेल्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींवरून घेतलेला होता. धान्याची श्रेणी मात्र नुसता अंदाज होता. सिद्धांताची लंगडी बाजू ती.

एकरी डीएपीच्या दोन बॅगा टाकल्या, तरी सोयाबीनचा उतारा (एकरी उत्पादन) तेवढाच. का? (शेतकरी, लातूर)

घटत्या उत्पादनाचा नियम तो हाच. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट वाढवत गेलं की प्रत्येक नव्या मात्रेचा फायदा कमी होत जातो. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरदाची (फॉस्फरस) शिफारस आहे, एकरी २४ किलो. डीएपी हे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद देणारं खत; त्याच्या ५० किलोच्या बॅगेत २३ किलो स्फुरद असतं, म्हणजे गरज पहिल्याच बॅगेत जवळजवळ भागते. दुसरीने पालाश (पोटॅश) मिळत नाही, पावसाचा खंडही भरून निघत नाही. उलट जादा नत्राने पीक माजतं, लोळतं.

१८१५च्या सुमारास माल्थस आणि त्याचा समकालीन इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांनी हा नियम शेतीला लावला तो जमीन आणि तंत्र दोन्ही जागेवर आहेत असं धरून. पुढे रासायनिक नत्र आणि सुधारित वाण आले. नियम मोडला नाही, पण मर्यादा वर सरकली.

१९७२चा दुष्काळ म्हणजे माल्थसचं भाकीत खरं ठरणंच ना? (धाराशिव)

नाही. शिवार करपलं, पण तेवढ्याने भूकबळी ठरत नाहीत. मजुराची मजुरी बुडते, ज्वारी महागते आणि बाजारात धान्य असूनही ते विकत घ्यायची ऐपत उरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये दुष्काळाची मांडणी या ऐपतीवरून केली. महाराष्ट्रात खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग अशी कामं काढली गेली. मे १९७३मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख मजूर होते. हातात मजुरी आली की बाहेरचं धान्य बाजारात खेचलं जातं. रोजगार हमीचा कायदा १९७७चा. लोकसंख्येच्या वादात ऐपतीची ही बाजू नेहमी मागे पडते.

ठोक्याचे (जमीन कसायला घेण्याच्या भाड्याचे) दर वाढले म्हणून धान्य महागतं का? (नांदेड)

रिकार्डोचं उत्तर उलटं आहे: धान्य महागतं म्हणून ठोका वाढतो. तोंडं वाढली की मुरमाड रानही नांगराखाली येतं. भाव त्या रानाचा खर्च निघेल इतका चढतो, आणि कालव्याखालच्या काळ्या जमिनीत त्याच भावात जे जास्तीचं उरतं ते मालक ठोक्यात मागतो. तेव्हा ठोका ठरवताना शेजारच्या रानाचा उतारा आणि खर्च आधी विचारा.